भिंतीची ओल, छातीची घरघर

पितृपक्ष सरत आला की रंगाऱ्यांना फुरसत नसते. पावसाने काळवंडलेल्या भिंती घासायच्या, पुट्टी भरायची, डिस्टेंपरचे दोन हात मारायचे आणि दिवाळीला घर लख्ख करायचे, ही आपली जुनी रीत. रीत चांगलीच आहे. पण डॉक्टर म्हणून माझी एक अडचण होते. ज्या भिंतीवर रंग चढतो तिनेच पुष्कळदा घरातल्या कुणाचा तरी खोकला चार महिने चालू ठेवलेला असतो आणि रंगाखाली त्याचा पुरावा झाकला जातो. तेव्हा वाचकहो, यंदा रंगाऱ्याला निरोप धाडण्याआधी घराची एक तपासणी करा. कशाची? बुरशीची; आणि त्याहीपेक्षा, तिला पाणी पाजणाऱ्या ओलीची.

बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सगळीकडे असतात. तुमच्या घरात, माझ्या दवाखान्यात आणि कलेक्टर कचेरीतही. त्यांना खायला धूळ, कागद, लाकूड, सुती कापड, रंगातला डिंक, काहीही चालते आणि ते आपण घराबाहेर काढू शकत नाही. त्यांना लागणारे पाणी मात्र आपण तोडू शकतो. भिजलेली गादी किंवा प्लायवूड एक-दोन दिवसांत वाळले नाही, तर बुरशी धरू लागते. मग ती लक्षावधी बीजाणू हवेत सोडते आणि ज्याची श्वासनलिका मुळात हळवी आहे, त्याला शिंका, सर्दी, रात्रीचा खोकला, धाप सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली या विषयावर मार्गदर्शक पुस्तिका काढली. ओल व बुरशी असलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार व दमा यांचा धोका अधिक असतो, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. सगळ्यांनाच त्रास होतो असे नाही. एकाच खोलीत झोपणाऱ्या चौघांपैकी तिघे ठणठणीत असतात, म्हणून चौथ्याला "नाजूक" ठरवले जाते.

येथे एक भीती काढून टाकतो. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत "काळी बुरशी" हा शब्द घरोघरी पोचला. त्या म्युकरमायकोसिसने अनेकांचे डोळे आणि जबडे घेतले. तेव्हापासून न्हाणीतला काळा डाग पाहून धास्तावलेले लोक माझ्याकडे येतात. तो आजार मुख्यत: अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा मारा यांमुळे प्रतिकारशक्ती खचलेल्यांना झाला, आणि तो घडवणाऱ्या बुरशीचे कूळच वेगळे. भिंतीवरचा काळा थर बहुधा क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस अशा नेहमीच्या बुरशींचा असतो. तो डोळे खात नाही, छातीला छळतो.

गेल्या काही वर्षांतले एक उदाहरण सांगतो. भाड्याच्या घरात राहणारी सात वर्षांची मुलगी. जुलै ते नोव्हेंबर खोकला, रात्री दोन-तीनला छातीत सूं सूं आवाज. आजी म्हणे, "डॉक्टरसाहेब, औषध हाय तोवर बरं रायते, मंग पुन्हा तसंच." मी विचारले, पोळ्याला मामाकडे गेली होती तेव्हा? आजी जरा थांबली आणि म्हणाली, "तठी तर एक दिवस खोकलली नाई." हे वाक्य मला एक्स-रेपेक्षा मोलाचे वाटते. घराबाहेर चार दिवस राहून आराम पडतो आणि घरी परतताच त्रास होतो, तर रोग्याइतकेच त्याचे घरही तपासले पाहिजे.

घर स्वच्छ होते, भिंती गुलाबी, नुकताच रंग दिलेला. पण खोलीत पाऊल टाकताच ओल्या पोत्यासारखा वास आला. मुलीच्या पलंगाचे डोके न्हाणीच्या भिंतीला आणि शेजारी लोखंडी कपाट. वडिलांनी आणि मी कपाट हातभर पुढे ओढले. मागची भिंत कमरेपर्यंत काळी-हिरवी. न्हाणीच्या फरशीचे सांधे गेले होते आणि रोजच्या आंघोळीचे पाणी भिंतीत मुरत होते. घरमालक दर दिवाळीला इमानदारीने रंग देत असे. सांधे भरले, त्या भिंतीचा खालचा गिलावा काढून नवा केला, पलंग दुसरीकडे हलवला. मुलीचा दमा पळून गेला असे मी म्हणणार नाही. पंप तिला आजही लागतो (आणि पंपाची "सवय" लागत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो). पण पुढच्या पावसाळ्यात तिला एकदाही मध्यरात्री माझ्याकडे आणावे लागले नाही.

आता तपासणी कशी करायची ते पाहू. पहिले यंत्र नाक. सकाळी बंद खोली उघडताना आत शिरल्याबरोबर येणारा वास ध्यानात ठेवा. पाच मिनिटांनी नाक त्याला सरावते. घरच्यांना तर तो येतच नाही, म्हणून बाहेरून आलेल्या पाहुण्याला विचारा. मग बॅटरी घेऊन कपाटांच्या मागे, पलंगाखाली, देवघरामागे, माळ्यावर, सिंकखालच्या पेटीत, खिडकीच्या चौकटीत आणि पीओपीच्या छताच्या कोपऱ्यांत पाहा. भिंतीवर उलटा तळहात ठेवा. गार आणि दमट लागते का? रंगाला फुगे, पोपडे आहेत का?

पांढरा भुरा दिसला तर घाई करू नका. कपाशीवर, वेलींवर पडणारी भुरी आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे, पण भिंतीवरचा पांढरा थर बहुतेक वेळा लोणा असतो, म्हणजे पाण्याबरोबर वर आलेले क्षार. चिमटीत घेऊन पाण्याच्या थेंबात टाका. विरघळले तर क्षार. बुरशी विरघळत नाही. लोण्याने दमा होत नाही, मात्र भिंतीत पाणी खेळते आहे याची ती पक्की खूण.

बुरशी सापडणे सोपे, पाणी कोठून येते हे शोधणे हेच खरे काम. ओल जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सरळ पट्ट्यासारखी असेल तर ती जोत्यातून वर चढते आहे. जुन्या घरांत जोत्यावर ओल अडवणारा थर घातलेलाच नसतो, किंवा अंगण भर घालून इतके उंच केलेले असते की पाणी थेट भिंतीला लागते. छताच्या कोपऱ्यातून खाली उतरणारा डाग स्लॅबचा, फुटलेल्या कवेलूचा किंवा टाकीच्या ओव्हरफ्लोचा. उन्हाळ्यातही न वाळणारी ओल नळाची किंवा न्हाणीची. शंका असेल तर रात्री सगळे नळ बंद करा, टाकीतल्या पाण्यावर खूण करा आणि सकाळी पाहा. आणखी एक सोपी युक्ती: भिंत कोरड्या कापडाने पुसून वीतभर चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. एक-दोन दिवसांनी भिंतीकडच्या बाजूला दव जमले तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती स्वयंपाकाची, आंघोळीची आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ. तिच्यावर उपाय गवंड्याकडे नाही, खिडकीत आणि एक्झॉस्ट पंख्यात आहे. खोलीची आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र काहीशे रुपयांत मिळते. पावसाळा संपल्यावरही आकडा सारखा साठ टक्क्यांवर राहत असेल तर कोठेतरी पाणी मुरते आहे.

आपल्या जिल्ह्यात काळ्या मातीची भर आहेच. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरच्या भिंतींना भेगा जातात आणि त्या भेगांतून पुढच्या वर्षीचे पाणी आत शिरते. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ शहरात घराघरांत पाणी घुसले, महागाव तालुक्यात तर लोकांना सोडवायला हवाई दलाची मदत मागवावी लागली. अशा पुरात भिजलेली नऊ इंची विटांची भिंत पूर्ण वाळायला कित्येक महिने लागतात. वरून कोरडी दिसली म्हणून तिच्यावर ऑइलपेंट चढवला की आतले पाणी आतच कोंडते. पुरात भिजलेल्या कापसाच्या गाद्या-उशा जीव तुटला तरी टाकून द्याव्यात.

आता मोठ्या शहरांत "बुरशीची तपासणी" करून देणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. ओलावा मोजणारे यंत्र, उष्णता टिपणारा कॅमेरा, हवेचे नमुने, रंगीत अहवाल. लोक मला विचारतात, बोलवावे का? घर मोठे आहे, पाणी कोठून येते हे दोन मिस्त्रींनाही सापडत नाही, घरात गंभीर दम्याचा रोगी आहे, तर अनुभवी माणूस जरूर आणा. फरशी किंवा भिंत न फोडता गळती शोधायला ही यंत्रे उपयोगी पडतात. पण त्यांची मर्यादा जाणून घ्या. कॅमेऱ्याला केवळ गार जागा दिसते, बुरशी दिसत नाही. लोणा लागलेल्या भिंतीवर टोचून बघण्याचे ओलावायंत्र क्षारांमुळे आकडा फुगवून दाखवते. आणि हवेच्या नमुन्यावर पैसे घालवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. बीजाणूंची संख्या तासातासाला बदलते, आणि इतक्याच्या पुढे धोका अशी सर्वमान्य मर्यादा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही ती ठरवलेली नाही. बुरशी दिसते आहे, वास येतो आहे, तर तिचे नाव कळून उपाय बदलत नाही. अमेरिकेत टेक्सास, न्यूयॉर्क यांसारख्या राज्यांत या कामाला परवाना लागतो आणि तपासणाऱ्यानेच त्या घरात दुरुस्तीचे काम घेऊ नये असा कायदा आहे. आपल्याकडे असा परवाना नाही. "मोफत तपासणी" करून लगेच वॉटरप्रूफिंगचे अंदाजपत्रक हाती देणाऱ्याबाबत हा नियम आपणच पाळावा. तपासायला एक आणि कामाला दुसरा. आपल्या तालुक्याच्या गावी एखादा जुना, जाणता गवंडी किंवा सिव्हिल इंजिनियर ही गरज उत्तम भागवतो.

पाणी थांबल्यावर साफसफाई. तीन बाय तीन फुटांएवढा डाग घरच्या घरी काढता येतो. दम्याच्या रोग्याला आणि मुलांना खोलीबाहेर पाठवा, नाकाला एन-९५ मास्क, हातात मोजे. कोरड्या ब्रशने मुळीच घासू नका, बीजाणू घरभर उडतात. आधी ओले करा, साबणाच्या पाण्याने पुसा, मग पंखा लावून खडखडीत वाळवा. ब्लिचिंग आणि संडास साफ करण्याचे ॲसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

शेतकरी बांधवांसाठी एक स्वतंत्र गोष्ट. भाव येईपर्यंत कापूस घरात, सोयाबीनची पोती झोपण्याच्या खोलीत, हे चित्र राळेगावपासून उमरखेडपर्यंत सारखेच आहे. दुसरी जागा नसते, हे मी जाणतो. निदान पोती भिंतीपासून वीतभर दूर आणि लाकडी फळ्यांवर ठेवा, आणि दमट माल आत आणू नका. बुरशी धरलेले कुटार उपसताना तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, मास्क लावा. त्या धुळीने संध्याकाळी ताप, कोरडा खोकला आणि धाप लागली, तर डॉक्टरांना कुटाराचे आवर्जून सांगा.

भाडेकरूंचा प्रश्न अवघड आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेल येथे अवाब इशाक नावाचे दोन वर्षांचे बाळ डिसेंबर २०२० मध्ये दगावले. घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हेच मृत्यूचे कारण, असा निर्णय मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने २०२२ मध्ये दिला. त्याच्या वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती आणि त्यांना वरून रंग देण्याचा सल्ला मिळाला होता. पुढे त्याच्याच नावाचा कायदा झाला. धोकादायक ओल-बुरशीची दखल ठराविक मुदतीत घेणे सामाजिक गृहसंस्थांना ऑक्टोबर २०२५ पासून बंधनकारक आहे. आपल्याकडे घरमालकाशी गोडीनेच बोलावे लागते. बोलताना फोटो दाखवा, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा, आणि रंगाऐवजी तेवढ्याच पैशांत सांधे भरून मागा.

खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर भिंतीकडे बोट दाखवून घरी बसू नका. आधी थुंकीची तपासणी. क्षय आपल्याकडे अजून आहे. मात्र क्षय नाही असे ठरल्यावरही धाप वाढतच असेल, वजन उतरत असेल, तर फुप्फुसाच्या दुसऱ्या एका विकाराचा विचार करावा लागतो. वारंवार श्वासात जाणाऱ्या बुरशीने किंवा तत्सम कणांनी फुप्फुस सुजते आणि पुढे कडक होत जाते. भारतातील १९ शहरांमधल्या २७ केंद्रांनी फुप्फुस कडक होण्याच्या आजाराच्या १०८४ रुग्णांची नोंद केली. २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे ४७ टक्के रुग्णांना हाच विकार होता, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी आला होता.

कूलर! विदर्भात त्याच्यावाचून मे महिना काढणे कठीण, आणि मीही काढत नाही. पण दिवसरात्र ओले राहणारे गवत, तळाशी साचलेले हिरवे पाणी आणि त्यावरून थेट आपल्या तोंडावर येणारा वारा, याहून बुरशीची चांगली सोय कोणती? आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करा, डेंग्यूच्या डासासाठी पाळतो त्याच कोरड्या दिवशी. गवत दरवर्षी नवे. या घडीला बहुतेकांचा कूलर गॅलरीत किंवा माळ्यावर, जूनमध्ये बंद केला तसाच, ओल्या गवतासकट झाकून ठेवलेला असेल. घर आवरायला काढाल तेव्हा तो आधी उतरवा, गवत फेकून द्या, टाकी घासा आणि ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस उघडा ठेवा.