पडीक म्हणून लिहिलेला माळ

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे नातेवाईक दोनच कामांसाठी येतात. मुदत ठेवीवर जास्त व्याज कुठे मिळतं ते विचारायला, नाहीतर वारसनोंदीचा अर्ज भरून घ्यायला. दोन वर्षांपूर्वी माझी पुतणी घरी आली तेव्हा मला वाटलं, यातलंच काहीतरी असणार. चहा झाल्यावर ती म्हणाली, "काका, तुम्ही सोलापूर जिल्ह्यात असताना गावोगावची पाहणी केली होती ना? त्या वह्या अजून आहेत का?"

माझ्या वह्यांची आजवर कुणी चौकशी केली नव्हती. बायकोने तर दोनदा त्या रद्दीत काढल्या होत्या. मी विचारलं, "तुला कशाला हव्यात?" ती म्हणाली, "लांडगे शोधायला."

पुतणी वन्यजीवांचा अभ्यास करते. तिला आणि तिच्या तीन-चार सोबत्यांना सोलापूर जिल्ह्याचा एक नकाशा करायचा होता. वाघ-बिबट्याची चित्रं काढलेला, शाळेच्या भिंतीवरचा नकाशा नव्हे. कुठे गवताळ माळ शिल्लक आहे, कुठे बाभळीचं बन आहे, ओढ्याकाठची झाडी कुठे आहे, तळ्याकाठची दलदल कुठे आहे, आणि त्या त्या ठिकाणी कोण राहतं, याचा तो नकाशा. लांडगा, खोकड, काळवीट, चिंकारा, धाविक, चंडोल, माळढोक या सगळ्यांचे पत्ते, असं म्हणा हवं तर. जिल्हा सुमारे पंधरा हजार चौरस किलोमीटरचा. त्यांनी त्यावर पाच-पाच किलोमीटरचे चौकोन आखले, तेव्हा सहाशेच्या आसपास चौकोन झाले. सहाशे चौकोन पायी फिरायचे तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून आधी ज्यांनी ज्यांनी या जमिनीबद्दल काही लिहून ठेवलंय, ते सगळं गोळा करायचं ठरलं.

त्यानंतरचे काही महिने आमचं जेवणाचं टेबल जेवणासाठी उरलं नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे आले, एका सेंटीमीटरला अर्धा किलोमीटर या प्रमाणाचे. त्यात ओढे, विहिरी, पायवाटा, टेकड्यांच्या समोच्च रेषा. १८८४ साली निघालेला सोलापूरच्या गॅझेटियरचा खंड आला. सातबारे आले. पक्षीनिरीक्षकांच्या याद्या आल्या. उपग्रहाची चित्रं तर संगणकावर हवी तेवढी. लँडसॅट उपग्रह १९७२ पासून पृथ्वीची चित्रं घेताहेत आणि २००८ पासून ती सर्वांना फुकट मिळतात. युरोपचा सेंटिनेल तर दर पाच दिवसांनी तीच जमीन पुन्हा टिपतो. मला वाटलं, मग प्रश्न कुठे उरला? वरून सगळं दिसतंच आहे.

पुतणीने मला दोन चित्रं दाखवली. एक मे महिन्यातलं, एक सप्टेंबरातलं. मे महिन्यात गवताचा माळ, नांगरून ठेवलेलं शेत आणि उजाड मुरूम तिन्ही सारखेच तांबूस. सप्टेंबरात माळ आणि पीक दोन्ही हिरवंगार. वर्षभराची चित्रं एकापाठोपाठ एक ठेवली तरच कळतं, की हा हिरवेपणा पेरलेला आहे की आपसूक उगवलेला. आणि तेही पडताळून पाहायला कुणीतरी तिथे जावंच लागतं.

मग कागद वाचायला बसलो. हे काम मात्र माझ्या ओळखीचं होतं. कर्जदाराचे चार कागद समोर ठेवून चारही एकच गोष्ट सांगतात का, हे पाहण्यात माझी नोकरी गेली. त्यातून एक गोष्ट शिकलो होतो. कागद खोटं बोलतो असं क्वचितच घडतं. पण तो कशासाठी तयार केला, तेवढंच तो सांगतो. सातबारा महसुलासाठी जन्माला आला, म्हणून त्याला पीक कळतं आणि पोटखराबा कळतो. पोटखराब्यातही अ आणि ब असे दोन वर्ग आहेत, पण दोन्हींचा अर्थ एकच, इथे शेती होत नाही. त्या खराब्यात खोकडाचं बीळ आहे की टिटवीची अंडी, हे विचारायला तलाठ्याला कुणी सांगितलेलं नाही.

देशाच्या वनस्थितीचा अहवाल १९८७ पासून निघतो. त्यात जंगल कशाला म्हणायचं, तर निदान एक हेक्टरचा तुकडा आणि त्यावर झाडांच्या छत्राची घनता किमान १० टक्के. या मापाने दाट फळबाग जंगलात धरली जाते आणि गवताचा अस्सल माळ, त्यावर कितीही जीव नांदत असले तरी, शून्य. हाच माळ मग कुठे सापडतो? केंद्र सरकारने २००० साली पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढला, पुढेही त्याच्या आवृत्त्या निघाल्या. खुरटी झुडपं असलेली जमीन आणि निकृष्ट झालेली कुरणं यांना त्यात पडीक जमिनीचे प्रकार म्हणून जागा मिळाली आहे. लांडग्याचं घर शोधायला आम्हाला पडीक जमिनींची यादी उघडावी लागली.

हे काही एका जिल्ह्याचं दुखणं नाही. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या दोन शास्त्रज्ञांनी देशभरातल्या कोरड्या प्रदेशांतले असे खुले माळ नकाशावर आणले. २०२२ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. असे माळ तीन लाख चौरस किलोमीटरहून अधिक भरले, म्हणजे जवळजवळ आपल्या महाराष्ट्राएवढे. त्यातला पाच टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित क्षेत्रात येतो. बाकीचा दप्तरात कुठल्या ना कुठल्या नावाखाली रिकामा आहे. रिकामी जागा दिसली की आपल्याला ती भरावीशी वाटते. कुणी तिथे झाडं लावतं, कुणी कारखाना काढतं, कुणी सौरऊर्जेचे पत्रे अंथरतं. गवतावर जगणाऱ्या जनावराला यातलं काहीच सोयीचं नसतं, दाट झाडीसुद्धा.

आता माझ्या वह्यांकडे येतो. १ एप्रिल १९८९ पासून बँकांना सेवा क्षेत्र योजना लागू झाली. प्रत्येक ग्रामीण शाखेला पंधरा ते पंचवीस गावं नेमून दिली आणि त्या गावांची पाहणी करून कर्जाचा आराखडा करायला सांगितला. मी तेव्हा जिल्ह्यातल्या एका शाखेत शेतीकर्जाचं काम पाहत होतो. मोटारसायकलवरून गावोगाव हिंडलो. घरं किती, विहिरी किती, पंप किती, बैलजोड्या किती, मेंढ्या किती, लागवडीची जमीन किती, पडीक किती, सगळं लिहिलं. छापील तक्ता बँकेत गेला, कच्च्या वह्या माझ्याकडे राहिल्या.

पुतणीने त्या वह्या एका रात्रीत वाचल्या. सकाळी म्हणाली, "काका, प्रत्येक गावाला 'पडीक' असा रकाना आहे आणि पुढे 'सुधारणेस वाव' असा शेरा आहे. त्या माळावर तेव्हा काय होतं, आठवतं का?"

मला आठवत होतं. पवन्या आणि मारवेल गुडघाभर उंच असायचं. कुसळं पायमोज्यांत घुसायची ती रात्री दिव्याखाली बसून काढावी लागायची. एकदा भर दुपारी गाडी बंद पडली तेव्हा काळविटांचा कळप अगदी निवांत समोरून गेला होता. यातलं एक अक्षर वहीत नव्हतं. तक्त्यात रकाना नव्हता, म्हणून मी लिहिलं नाही. सुधारणेस वाव असल्याच्या माझ्याच शेऱ्यावरून मग सपाटीकरणाची, विहिरींची, पाइपलाइनची कर्जं मंजूर झाली. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं होतं, पाणी येत होतं, उसाचा पट्टा वाढत होता. ज्या शेतकऱ्याने माळ फोडून ऊस लावला त्याला मी दोष देणार नाही. त्याची मुलं त्या उसावर शिकली. पण त्या माळावर दुसरंही कुणी राहत होतं, हे निर्णयाच्या वेळी कुठल्याच कागदावर नव्हतं. त्या कागदांतल्या कितीतरींवर सही माझी आहे.

नकाशा करताना घाई केली तर काय होतं, याचा धडाही याच जिल्ह्याने गिरवला आहे. माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतलं मिळून साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं क्षेत्र रेषेच्या आत घेतलं गेलं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. पक्षी मात्र नान्नज परिसरातल्या राखलेल्या गवतासारख्या मोजक्या जागांवर अवलंबून होता. जमिनीचे व्यवहार अडले, लोक वैतागले आणि माळढोक हे नाव शिवीसारखं उच्चारलं जाऊ लागलं. २०१२ साली हे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर लोकांचं मन आणि पक्षी दोन्ही हातचे गेल्यासारखे झाले होते. एकेकाळी जिथे तो हमखास दिसे, तिथे आता त्याचं दर्शन दुर्मीळ झालं आहे. गावागणिक बारीक माहिती आधी जमवली असती, तर रेषा लहान निघाली असती आणि कदाचित टिकलीही असती.

अशी बारीक माहिती कुणाकडे असते? २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावाने लोकजैवविविधता नोंदवही लिहावी असं ठरवलं. माधव गाडगीळांनी मांडलेली ही कल्पना. आम्ही काही नोंदवह्या पाहिल्या. काही म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून मनापासून लिहिलेल्या होत्या, काही शेजारच्या गावाची नक्कल होत्या. पक्षीनिरीक्षकांच्या याद्या उत्तम, पण त्या डांबरी रस्त्याजवळच्या आणि तळ्याकाठच्या. जिथे कुणी गेलंच नाही ते चौकोन कोरे. पुतणी सोबत्यांना सारखं बजावायची, "कोरा म्हणजे प्राणी नाही असं नव्हे, कोरा म्हणजे माहिती नाही." मला माझे जुने वरिष्ठ आठवले. ज्या गावात आपलं एकही कर्जखातं नाही, त्या गावाला पैशांची गरज नाही असं समजू नका, असं ते सांगायचे.

शेवटी आम्ही एका धनगराच्या वाड्यावर गेलो. चार पिढ्या मेंढरं राखणारा माणूस. पुतणीने मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडून दाखवलं आणि हा भाग कागदोपत्री पडीक आहे असं मी सांगितलं. तो हसला. "सायेब, पडीक कसा? आमची मेंढरं काय वारं खाऊन जगत्यात व्हय?" मग त्याने काठीने मातीत रेघा ओढल्या. पावसाळ्यात कुठला माळ, दिवाळीनंतर कुणाच्या शेतात मेंढरं बसवायची, उन्हाळ्यात पाणी कुठल्या डोहात. लांडगा कुठून येतो, किती दिवसांनी येतो, मागल्या साली कुठली दोन कोकरं नेली. आमच्या नकाशातले अकरा कोरे चौकोन त्या एका बैठकीत भरले.

"पिल्लं कुठे घालतात?" मी विचारलं. तो गप्प बसला. जरा वेळाने म्हणाला, "ते मला ठावं हाय. पर कागदावर नगं. कुणी धूर करून मारत्यात." ज्याची कोकरं लांडग्याने नेली होती, तो माणूस हे सांगत होता.

पुतणीने ते ऐकलं. त्यांच्या नकाशात तो चौकोन रंगवला आहे, पण आत बिंदू नाही. नकाशाचा पहिला मसुदा यंदा पुरा झाला. तो वनखात्याला, जिल्हा नियोजनवाल्यांना आणि ज्या ग्रामपंचायती घेतील त्यांना द्यायचा आहे. कारखाना किंवा वृक्षारोपण यायच्या आधी निदान कुणीतरी तो उघडून पाहावा, एवढीच अपेक्षा.

वाचकांपैकी कुणाचं गाव माळावरचं असेल तर एक विनंती आहे. घरात सत्तरी-ऐंशीची माणसं असतील. पुढच्या खेपेला गेलात की त्यांच्याजवळ बसा आणि गावच्या गायरानात पूर्वी काय काय दिसायचं ते विचारा. गवतांची नावं, पाणवठे, जनावरांच्या वाटा, शक्य असेल तर सालासकट लिहून घ्या आणि गावच्या नोंदवहीत घालायला सांगा. ही माहिती कुठल्याही उपग्रहाकडे नाही.

माझ्या वह्या पुतणीने परत आणून दिल्या. मी सध्या रोज सकाळी एक गाव घेतो आणि 'पडीक' या रकान्यासमोर, समासात, आठवतं ते लिहितो. पस्तीस वर्षांपूर्वी जागा नव्हती म्हणून राहून गेलेलं. एकवीस गावांपैकी चौदा झाली आहेत.