व्यसनाचे गणित

गोमंतकाच्या किनाऱ्यावर अमली पदार्थ पकडल्याची बातमी छापून आली की दोन दिवस चर्चा होते आणि तिचा शेवट एका ठरावीक वाक्याने होतो : ‘मनात आणले तर सोडता येते, यांना सोडायचेच नसते!’ हा निवाडा देणे सोपे आहे. तो खरा आहे काय, हे पडताळण्याचा एक मार्ग गेल्या काही दशकांत गणिताने व संगणकशास्त्राने दाखविला आहे. त्याची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

वुल्फ्राम शुल्ट्झ, पीटर दायान आणि रीड माँटेग्यू या संशोधकांचा एक लेख १९९७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माकडाला अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की त्याच्या मेंदूतील डोपामिन स्रवणाऱ्या पेशी उत्तेजित होतात. ठरावीक खुणेनंतर रस मिळतो हे माकड शिकले की त्या खुणेलाच उत्तेजित होतात, रसाला नाही. आणि अपेक्षिलेला रस मिळाला नाही तर ऐन त्या क्षणी मंदावतात. म्हणजे मेंदू चोख दुकानदारासारखी वही ठेवतो. मिळालेल्या लाभातून अपेक्षित लाभ वजा करायचा आणि उरलेल्या फरकाने पुढचा अंदाज सुधारायचा, हा त्याचा हिशेब. फरक शून्यावर आला की वही मिटली.

मिनेसोटा विद्यापीठाचे ए. डेव्हिड रेडिश यांनी २००४ साली या सूत्रात कोकेन घालून पाहिले. कोकेन आपल्या रासायनिक क्रियेनेच डोपामिन वाढविते. तेव्हा अंदाज कितीही वाढला तरी फरक शून्यावर येणार नाही. प्रत्येक सेवनागणिक त्या विषाचे मोल वहीत चढतच जाईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. खोट्या नोंदींनी फुगलेल्या अशा वहीपुढे निर्धाराची शिल्लक किती पुरणार?

परंतु गणिताचे खरे मोल पुढेच आहे. एका खुणेवरून लाभ पुरता कळला असेल, तर जोडीला आणलेली दुसरी खूण प्राणी सहसा शिकत नाही. रेडिश यांचे सूत्र खरे असते, तर कोकेनच्या बाबतीत उंदरांनी ती दुसरी खूणही शिकावयास हवी होती. २००७ साली प्रयोग झाला आणि शिकणे अडले! सूत्र अपुरे ठरले. रेडिश यांनी ते कवटाळून न बसता सहकाऱ्यांसह २००८ साली नवी मांडणी केली. निर्णय घेण्याची मेंदूची यंत्रणा एकाच नव्हे, तर दहा ठिकाणी बिघडू शकते, असे त्यांनी दाखवून दिले. ‘मनात आणले तर’ या वाक्याची अशी परीक्षा कधी कोणी घेतली आहे काय?

यावरून व्यसनी माणूस निव्वळ यंत्र ठरतो, असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ जण व्यसनातून बाहेर पडतात, हेही सत्य आहे. विष विकणाऱ्यास तर हे गणित तसूभरही सूट देत नाही. मात्र बिघाड अनेक प्रकारचे असतील, तर एकच उपदेश आणि एकच औषध सर्वांना लागू पडणार नाही, एवढे उघड आहे.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यालाही हा विवेक परका नाही. केवळ सेवनाचा वा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर त्यास खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ त्यात आहे. कायद्याने दार उघडे ठेवले आहे. ते बंद करते ती आमची लोकलज्जा. मुलगा हाताबाहेर जाईपर्यंत घर गप्प राहते, कारण शेजारचा निवाडा आधीच तयार असतो. विज्ञान आपली चूक कबूल करून पुढे जाते. समाजानेही तेवढा मनाचा मोठेपणा दाखवावा आणि त्या मुलास दवाखान्याची वाट मोकळी करून द्यावी.