गुणसूत्रांचा माग: तुटला धागा, बसली गाठ!

ग्रीक मुळानुसार ‘क्रोमोसोम’ म्हणजे रंगीत शरीर. मराठीत मात्र ते गुणसूत्र, म्हणजे चक्क धागा! मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावात हातमागावर कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी विणणाऱ्याला हा शब्द चटकन पटेल. धागा तुटतोच, पण गाठ भलत्याच धाग्याला बसली की नक्षी बिघडते. गुणसूत्रांचंही नेमकं तेच.

दोन मीटर सूत, 46 तुकडे
एका पेशीतल्या 46 गुणसूत्रांतला डीएनए सरळ केला तर सुमारे 2 मीटर भरतो. किरणोत्सर्गाने, रसायनांनी, कधी पेशी आपली नक्कल करताना तो तुटतो. दुरुस्ती करणारी प्रथिनं टोकं सांधतात. दोन ठिकाणी एकदम तुटलं, तर टोकांची अदलाबदल होऊ शकते. तुकडा गळाला तर लोप, उलटा बसला तर व्युत्क्रम, दुसऱ्याच गुणसूत्राला जडला तर स्थानांतर.

सारख्या नक्षीचा चकवा
धागा अपघाताने तुटला नाही तरी फसगत होते. 16व्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या अल्फा-ग्लोबिनची दोन जवळजवळ सारखी जनुकं शेजारी असतात. अंडपेशी किंवा शुक्रपेशी घडताना जोडीची गुणसूत्रं तुकडे बदलतात. तेव्हा रांग सरकली की एकाला तीन जनुकं, दुसऱ्याला एकच! विदर्भातल्या काही सिकलसेल रुग्णांत हा लोप आढळतो आणि अनेकदा त्यांचा ॲनिमिया थोडा सौम्य असतो. चूक अशीही पावते!

स्वतःवरच दुमडलेला धागा
पुरुषात एक्स गुणसूत्राला पूर्ण जोडीदार नसतो. मग शुक्रपेशी घडताना ते कधी स्वतःवरच दुमडतं, स्वतःतल्याच सारख्या भागाशी जुळतं आणि मधला तुकडा उलटा बसतो. रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, गंभीर हिमोफिलिया ‘ए’च्या, जवळपास निम्म्या रुग्णांत कारण हेच.

जेवणाच्या टेबलावरचा शोध
1960 मध्ये रक्ताच्या एका कर्करोगात खुरटलेलं ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ दिसलं. उरलेला तुकडा गेला कुठे? गुणसूत्रांचे फोटो घरच्या टेबलावर कात्रीने कापून जुळवणाऱ्या जेनेट राऊली यांनी 1973 मध्ये उत्तर दिलं: 9 आणि 22 यांनी आपसात तुकडे बदलले होते. त्या चुकीच्या सांध्यातून जन्मणाऱ्या प्रथिनाला रोखणारी इमॅटिनिब ही गोळी 2001 मध्ये आली.

कोशाचा किडा आपल्यापुढे!
आपल्या गुणसूत्रांच्या 23 जोड्या; ऐन-अर्जुनाचा पाला खाणाऱ्या टसर किड्याच्या 31. त्याच्याच कुळातल्या आसामच्या मुगा किड्याच्या अवघ्या 15! गुणसूत्रं सांधली गेली की जोड्या घटतात, आणि अशी सांधाजोड आपल्याकडेही झाली आहे. चिंपांझीच्या जोड्या 24. आपल्या पूर्वजांत दोन गुणसूत्रं टोकाला टोक जुळली आणि आपलं दुसरं गुणसूत्र तयार झालं. जुन्या टोकांच्या खुणा त्याच्या मधोमध आजही सापडतात.

45 असूनही ठणठणीत
साधारण हजारात एका माणसात दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटलेली असतात. मोजली तर 45, तरी माणूस धडधाकट. कारण महत्त्वाचा माल काहीच हरवलेला नसतो. अडचण येते ती पुढच्या पिढीला वाटणी करताना: काही गर्भांना जास्त मिळतं, काहींना कमी, आणि गर्भपात होऊ शकतो.

म्हणून घरात वारंवार गर्भपात होत असतील, तर सुनेला बोल लावू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने नवरा-बायको दोघांच्याही रक्ताची ‘कॅरिओटाइप’ (गुणसूत्रांची) तपासणी करून घ्या. चुकीची गाठ दोघांपैकी कुणाच्याही धाग्यात असू शकते, आणि ती कुणी मुद्दाम मारलेली नसते.