पत्र्याचा माणूस कसा घडतो?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खोडवा आणि खताचे हप्ते यांविषयी लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. मध्यंतरी एक सभासद गट ऑफिसात आले. खोडव्याची नोंद झाली तरी उठेनात. शेवटी म्हणाले, "साहेब, पोरगं दहावीला आहे अन् रात्रंदिवस पत्रा ठोकतंय. यंत्रमानव करतो म्हणतं. घालू का सगळं भंगारात?" आम्ही म्हणालो, "थांबा, आधी बघू तरी." शेडवर जाऊन जे बोललो, तेच येथे सर्वांसाठी मांडतो.

प्रथम एक खरी हकिगत. इंग्लंडात १९५० साली हवाई दलातील टोनी सेल या १९ वर्षांच्या तरुणाने सहा फुटी यंत्रमानव बनविला. नाव ठेवले जॉर्ज. पत्रा कोठला, तर कोसळलेल्या वेलिंग्टन बॉम्बर विमानाचा. खर्च १५ पौंड. जॉर्ज रेडिओच्या हुकमावर चाले, मान वळवी, हात हलवी.

असा माणूस घडतो कसा? पत्रा हा नुसता अंगरखा. भार घेतो तो आतला सांगाडा. म्हणून आधी भिंतीवर पुऱ्या मापाचे चित्र काढावे, खांदा, कोपर, गुडघा यांच्या खुणा कराव्यात आणि पट्टीचा सांगाडा जुळवावा. मग पुठ्ठ्याचे साचे कापून ते सांगाड्यावर बसवून बघावेत. पुठ्ठा चुकला तर चार आणे गेले, पत्रा चुकला तर सगळेच गेले. कापलेल्या पत्र्याची धार कानशीने मारून कड दुमडावी, नाहीतर हात फाटलाच म्हणून समजा. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो कमजोर होतो. अशा पत्र्याला रिव्हेटच बरे.

खरी कसोटी सांध्यात असते. दोन्ही बाजूंची भोके एका रेषेत नसतील तर स्पिंडल अडकतो आणि मोटर तापते. दुसरी गोष्ट गतीची. मोटर भरभर फिरते, हात मात्र सावकाश उचलला पाहिजे. आपल्या मिलचेच बघा. चालविणारी टर्बाइन वा मोटर जोरात फिरते, पण रोलर मिनिटाला चार-पाचच फेरे घेतो. मध्ये गिअर असतात. ते वेग कमी करतात आणि जोर वाढवितात. जुन्या जीपच्या वायपर मोटरमध्ये असे गिअर आतच असतात, म्हणून कामाला ती उत्तम. तिसरी गोष्ट तोलाची. वरून जड भरलेली ट्रॉली वळणावर कलंडते, तसेच येथे. जॉर्जच्या बॅटऱ्या म्हणूनच पायांत होत्या.

त्या सभासदांनी विचारले, "हे ऊस तोडणार का?" नाही तोडणार. ऊस तोडणाऱ्या यंत्राला हातपाय नसतात. बुडख्याशी फिरणारी पाती असतात. माणसासारखे दिसणे आणि माणसाचे काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी. पण पोराच्या हाताला माप कळते, डोळ्याला रेषा कळते. उद्या पंप अडला तर ते फिटरची वाट बघत बसणार नाही.

जॉर्जचे पुढे काय झाले? तो ४५ वर्षे गॅरेजात पडून होता. २०१० साली सेल यांनी त्याच्या बेअरिंगला तेल दिले, नव्या बॅटऱ्या घातल्या, आणि गडी चालू लागला! दरम्यान याच सेल यांनी दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश फोडणारा कोलोसस हा संगणक ब्लेचली पार्क येथे पुन्हा उभा केला होता. प्रत्येक पोर टोनी सेल होणार नाही, हे आम्हांसही कळते. पण कोणते होईल, हे शेड रिकामी करून कळत नाही.

कारखान्याचे भंगार निविदेने विकले जाते. ते आम्ही कोणास देऊ शकत नाही. मात्र मोडका फवारणी पंप, जुनी सायकल, पिंपाचा पत्रा घरोघरी पडून असतो. तो पोरांना द्यावा. ड्रिल आणि वीज यांचे काम जाणत्याच्या देखत करावे, अभ्यासाची वेळ ठरवून द्यावी.

त्या सभासदांनी गोठ्याजवळचे लोखंडी टेबल पोराला मोकळे करून दिले आहे. पत्र्याच्या माणसाची मान अजून एकाच बाजूला वळते. बाप मात्र रोज संध्याकाळी बॅटरी धरून शेजारी उभा असतो.