उंच झालेली जीप आणि हरवलेला कोन

जालन्याहून जिंतूरकडे जाताना मंठा लागते. मुख्य रस्ता सोडून शेतांकडे वळले की काळी कापसाची जमीन सुरू होते. पावसात ही माती फुगते, चिकटते आणि पांदणीत बैलगाड्यांच्या व ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडतात. मधे मातीचा वरंबा उरतो. पाऊस ओसरला की हा वरंबा विटेसारखा कडक होतो आणि खालून जाणाऱ्या कोणत्याही गाडीचे पोट खरवडून काढतो.

तेथील एका शिक्षकमित्राकडे आम्ही दिवाळीच्या सुटीत गेलो होतो. त्यांच्या घरी शेतीच्या कामाची एक जुनी जीप आहे. शेतातल्या वस्तीवरची चार मुलेही सकाळी तिच्यातूनच शाळेला येतात. पोट घासते म्हणून त्यांनी ती एका गॅरेजमध्ये नेऊन सुमारे ५ सेंमी उंच करून घेतली होती. "सर, गाडी दिसते झकास, पण हातात राहीना," ते म्हणाले. "सरळ रस्त्यावर सारखी इकडंतिकडं जाते. वळण घेतलं की स्टिअरिंग आपणहून परत येत नाही, ओढून आणावं लागतं. दोनदा अलाइनमेंट केलं. कागदावर सगळं बरोबर आहे म्हणतात."

कागद आम्ही पाहिला. त्यावर जे मोजले होते ते खरोखरच बरोबर होते. बिघडले होते ते मोजलेलेच नव्हते. हे कसे झाले ते समजून घेण्यासाठी फार अवघड गणित लागत नाही. सायकल, फूटपट्टी आणि आठवी-नववीची भूमिती पुरते.

तीन कोन

गाडीच्या पुढच्या चाकांची ठेवण मुख्यतः तीन मापांनी सांगतात.

पहिले माप 'टो'. वरून पाहिले असता दोन्ही चाके पुढच्या बाजूला किंचित जवळ आली आहेत की लांब गेली आहेत, हे त्यातून कळते. आपण उभे राहताना पायांचे चवडे आत किंवा बाहेर वळवतो, तसेच हे.

दुसरे 'कॅम्बर'. समोरून पाहिले असता चाक उभ्या रेषेत आहे की वरच्या बाजूने बाहेर किंवा आत झुकले आहे, ते हा कोन सांगतो.

तिसरा 'कॅस्टर', आणि आपली गोष्ट याच्याभोवतीच फिरते. स्टिअरिंग फिरवले की पुढचे चाक एका अक्षाभोवती वळते. जुन्या जीपमध्ये हा अक्ष किंगपिनमधून जातो. बाजूने पाहिले तर तो अगदी उभा नसतो, त्याचे वरचे टोक थोडे मागे कललेले असते. उभ्या रेषेशी होणारा हा कोन म्हणजे कॅस्टर. जुन्या विलिस जीपमध्ये तो सुमारे ३ अंश ठेवलेला असे.

एवढ्याशा कलण्याने काय साधते? सायकल आठवा. तिच्या हँडलचा दांडाही मागे कललेला असतो. त्या दांड्याची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक जमिनीला टेकते त्या बिंदूच्या पुढे पडते. म्हणजे टेकण्याचा बिंदू वळण्याच्या अक्षाच्या मागे राहतो आणि अक्षामागून ओढला जातो. दोरीला बांधून ओढलेली वस्तू जशी आपोआप ओढणाऱ्याच्या मागे सरळ येते, तसे चाकही सरळ येऊ पाहते. दवाखान्यातल्या ढकलगाडीची किंवा कार्यालयातल्या फिरत्या खुर्चीची छोटी चाके याच तत्त्वावर चालतात. खुर्ची ज्या दिशेला ढकलाल, तिच्या उलट बाजूला चाके वळून मागे जाऊन बसतात.

आता जीपचे आकडे घेऊ. चाकाची त्रिज्या ३५ सेंमी आणि कॅस्टर ३ अंश धरला, तर अक्षाची रेषा टेकण्याच्या बिंदूच्या सुमारे १.८ सेंमी पुढे पडते. वळणानंतर स्टिअरिंग हातातून सैल सोडले की ते सरळ येते, यात या पावणेदोन सेंमींचा मोठा वाटा असतो.

५ सेंमींसाठी काय मोजले?

आपल्याकडे जीप आली ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस. महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातल्या जीपना पुढे आणि मागे सलग, भरीव अ‍ॅक्सल असतो आणि तो पोलादी पाट्यांवर बसवलेला असतो. पाट्याचे एक टोक चासीला पक्के अडकवलेले असते, दुसरे टोक शॅकल नावाच्या झुलत्या कडीतून लटकते. पाटा दबला की त्याची लांबी वाढते आणि त्या वाढीला कडी जागा करून देते.

गाडी उंच करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ही कडी लांब करणे. गॅरेजमध्ये नेमके तेच केले होते. पाट्याची दोन टोकांमधली लांबी १०० सेंमी आणि अ‍ॅक्सल बरोबर मध्यावर आहे असे धरू. कडी १० सेंमीने लांब केली, तर पाट्याचे एक टोक चासीपासून १० सेंमी खाली जाते, दुसरे जागीच राहते. मध्यावरचा अ‍ॅक्सल चासीपासून ५ सेंमी दूर होतो. हवी होती ती उंची मिळाली.

पण पाटा आता तिरपा झाला आहे. किती? १०० सेंमीला १० सेंमी, म्हणजे सुमारे ५.७ अंश. अ‍ॅक्सल पाट्याला यू-बोल्टने घट्ट आवळलेला असल्यामुळे तोही तेवढाच फिरला. या जीपमध्ये शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे, त्यामुळे पुढचे टोक खाली गेले आणि किंगपिनचे वरचे टोक पुढे आले. ३ अंशांतून ५.७ वजा केले की उरतात उणे २.७ अंश. टेकण्याचा बिंदू जो अक्षाच्या मागे १.८ सेंमी होता, तो आता अक्षाच्या पुढे दीड सेंमीहून अधिक गेला. मागून ओढले जाणारे चाक आता पुढून ढकलले जाऊ लागले. टायर लवचिक असल्यामुळे थोडा परतावा शिल्लक राहतो, म्हणून गाडी तत्काळ दगा देत नाही. पण चालकाच्या हाताला जी भरवशाची ओढ जाणवायची ती नाहीशी होते आणि वेग वाढला की हे अंगावर येते.

(शॅकल पाट्याच्या मागच्या टोकाला असेल तर उलट घडते. कॅस्टर वाढतो आणि स्टिअरिंग जड होते.)

मग कागदावर सगळे बरोबर कसे?

भरीव अ‍ॅक्सलच्या गाडीत दोन चाकांना जोडणारा टाय रॉड अ‍ॅक्सलबरोबरच वरखाली होतो. त्यामुळे गाडी उंच केली तरी टो फारसा बदलत नाही. कॅम्बरही अ‍ॅक्सलच्या घडणीतच ठरलेला असतो. तो बिघडलेला दिसला तर अ‍ॅक्सल वाकला आहे किंवा बेअरिंग झिजले आहे असे समजावे. आमच्या मित्रांना मिळालेल्या कागदावर फक्त टो मोजला होता. त्यामागचे कारण साधे आहे. या गाडीत आटे फिरवून सहज बदलता येणारे माप तेवढेच असते. जे बदलता येते तेच मोजायचे, ही सवय फक्त गॅरेजातच असते असे नाही. आपल्या परीक्षांबद्दलही हे म्हणता येईल.

टो महत्त्वाचा नाही असा याचा अर्थ नव्हे. ७० सेंमी व्यासाच्या चाकांमध्ये पुढची आणि मागची अंतरे यांत १५ मिमी फरक असेल, तर प्रत्येक चाक आपल्या दिशेपासून सुमारे ०.६ अंश वळलेले असते. अशी गाडी एक किलोमीटर सरळ चालली तर प्रत्येक चाक सुमारे ११ मीटर आडवे घासले जाते. फरक ३ मिमीवर आणला की हे घासणे दोन मीटरवर येते. टायर एका काठाने खाल्ला जातो तो यामुळे.

नव्या गाड्यांत गणित वेगळे असते. २०१० साली आलेल्या थारच्या एका प्रकारात पुढची चाके स्वतंत्र टांगलेली होती आणि त्यांना पिळाच्या दांड्या होत्या. २०२० पासूनच्या थारमध्ये पुढे दुहेरी भुजा आणि गुंडाळी स्प्रिंगा आहेत. अशा गाड्या उंच केल्या की भुजा खाली झुकतात आणि टो, कॅम्बर, कॅस्टर अशी तिन्ही मापे हलू शकतात. किती आणि कोणत्या बाजूला, ते भुजांच्या लांबीवर अवलंबून असते. तिथे तिन्ही कोन मोजणारे यंत्र हवेच.

दुरुस्तीचा क्रम

पहिली पायरी तपासणीची. किंगपिन, टाय रॉड एंड, पाट्यांचे बुश आणि चाकांची बेअरिंगे यांत ढिलेपणा आहे का ते पाहायचे, टायरांत हवा सारखी भरायची. ढिल्या सांध्यांवर मोजलेला कोन दुसऱ्या दिवशी वेगळा येतो.

दुसरी पायरी कॅस्टरची. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पोलादाची निमुळती पाचर घालून अ‍ॅक्सल परत मागे कलवता येतो. दोन-तीन अंशांसाठी हा उपाय चालतो. पण चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियल असतो आणि त्याचे तोंड मागे, गिअरबॉक्सकडे असते. किंगपिनचे वरचे टोक मागे कलवले की हे तोंड खाली झुकते. मग प्रोपेलर शाफ्टचा सांधा जास्त कोनात फिरतो, थरथरतो आणि लवकर झिजतो. एक कोन सुधारताना दुसरा बिघडतो तो असा. म्हणून ५.७ अंश पाचरीने भरून काढणे शहाणपणाचे नाही. मूळ मापाची कडी परत बसवून, उंची हवीच असेल तर जास्त कमान असलेले पाटे घालावेत. त्यात दोन्ही टोके सारखीच खाली जातात आणि कॅस्टर जागेवर राहतो.

तिसरी पायरी स्टिअरिंगच्या दांडीची. स्टिअरिंगच्या पेटीकडून अ‍ॅक्सलकडे येणारी दांडी गाडी उंच केल्यावर जास्त तिरपी होते. मग खड्ड्यात चाक वरखाली झाले की ही दांडी त्याला थोडे वळवते. चालकाने काही न करता गाडी बाजूला झटका देते. दांडीचा तिरपेपणा शक्य तितका मूळच्या इतका आणावा लागतो.

टो सर्वांत शेवटी. आधीचे काही बदलले की तोही बदलू शकतो, म्हणून आधी लावलेला टो वाया जातो. याच वेळी ब्रेकच्या रबरी नळ्या चाक पूर्ण लोंबकळल्यावर ताणल्या जात नाहीत ना, हेही पाहावे.

जे परत मिळत नाही

सर्व कोन जुळले तरी एक गोष्ट कोणत्याही अलाइनमेंटने परत मिळत नाही. गाडीचा गुरुत्वमध्य वर गेलेला असतो. दोन चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची, हा गुणोत्तराचा आकडा जितका मोठा तितकी गाडी वळणावर उलटायला अवघड. अंतर १.२५ मीटर आणि उंची ०.६५ मीटर धरली तर तो ०.९६ येतो. उंची ५ सेंमीने वाढली की ०.८९ होतो. मागे मुले बसलेली असतील तर हा फरक विसरता येत नाही.

कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले.

आणि आता मूळ प्रश्न. पांदणीतल्या वरंब्याला जीपचे सर्वांत आधी काय घासत होते? खाली वाकून पाहिले तेव्हा ताजे ओरखडे डिफरन्शियलच्या गोळ्यावर होते. हा गोळा अ‍ॅक्सलवर असतो आणि अ‍ॅक्सल चाकांवर. पाटे किंवा कड्या बदलून चासी वर जाते, अ‍ॅक्सल आहे तिथेच राहतो. गोळ्याखालची जागा वाढते ती फक्त मोठ्या टायरने, तीही त्रिज्या वाढेल तेवढीच. आमच्या मित्रांनी पैसे घालवले, स्टिअरिंगचा भरवसा घालवला आणि वरंबा जिथे घासत होता तिथे एक मिलिमीटरही मिळवला नाही.

त्यांनी मूळ मापाच्या कड्या परत बसवल्या. सांधे तपासून शेवटी टो लावून घेतला. वस्तीवरच्या चार घरांनी मिळून पांदणीतला वरंबा कुदळीने खाली आणला आणि चाकोऱ्यांत मुरूम टाकला. जीप पुन्हा वळणानंतर आपणहून सरळ येते.

वर्गात करून पाहा

१. सायकल सरळ उभी धरा. हँडलला हात न लावता, फक्त सीट धरून ती पुढे ढकला, मग मागे ढकला. पुढे जाताना हँडल बऱ्यापैकी सरळ राहते, मागे जाताना गर्रकन वळते. टेकण्याचा बिंदू केव्हा अक्षाच्या मागे राहिला आणि केव्हा पुढे आला, हे मुलांना विचारा. मात्र चालती सायकल उभी राहण्याचे हे एकमेव कारण नाही, हेही सांगा.

२. हँडलच्या दांड्याच्या रेषेत एक सरळ काठी धरून ती जमिनीवर कुठे टेकते ते खडूने दाखवा. चाकाच्या टेकण्याच्या बिंदूपासूनचे अंतर मोजा.

३. सपाट जागेवर एखादी गाडी मिळाली तर चालकाच्या मदतीने टो मोजा. स्टिअरिंग सरळ ठेवून दोन्ही पुढच्या टायरांवर, पुढच्या बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर खडूची खूण करा आणि खुणांमधले अंतर घ्या. मग चाक अर्धा फेरा फिरेल एवढी गाडी पुढे ढकला. त्याच खुणा आता मागे आल्या असतील. पुन्हा अंतर घ्या. दोन अंतरांतला फरक म्हणजे टो. गाडीखाली कोणी जाऊ नये.

मोजून झाल्यावर मुलांना एक प्रश्न जरूर विचारा. या मापातून गाडीबद्दल काय कळले, आणि काय कळले नाही?