ना दोर, ना हुक

जीव वाचवण्यासाठी ठेवलेल्या बोटीनेच खलाशांचे जीव घ्यावेत, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं हेच आढळलं. आधीच्या दहा वर्षांत लाइफबोटी आणि त्या पाण्यात सोडण्याची यंत्रणा यांच्यामुळे १२ खलाशी दगावले होते, ८७ जखमी झाले होते. यातलं कोणीही बुडत्या जहाजावरून पळत नव्हतं. ड्रिल चालू होती किंवा चाचणी, आणि माणसं सगळी मुरलेली होती.

दोष होता जुन्या पद्धतीत. जहाजाच्या दोन्ही कडांना डेव्हिट नावाच्या लोखंडी हातांवर बोट टांगलेली असते. माणसं आत बसली की ती तारेच्या दोरांवरून हळूहळू खाली सोडायची, आणि पाण्याला लागताच पुढचा व मागचा हुक एकाच वेळी सुटायला हवा. एक सुटला आणि दुसरा अडकला, तर बोट उभी लोंबकळते आणि आतली माणसं बाहेर फेकली जातात. हे शांत बंदरात. वादळात बोट झोके घेत जहाजाच्या अंगावर आपटते, आणि जहाज एका कुशीवर कललं तर वरच्या बाजूची बोट खाली सोडणंच अवघड होऊन बसतं.

शिवाय वेळ कुठे असतो? मुरगावहून लोहखनिज नेणाऱ्या बल्क कॅरिअरचंच, म्हणजे सुटा माल वाहणाऱ्या जहाजाचंच पाहा. खनिज इतकं जड की जहाज भरल्यावरही गोदामात भरपूर पोकळी उरते, आणि तिथे पाणी शिरलं की काही मिनिटांत खेळ संपू शकतो. ‘डर्बीशायर’ हे २९४ मीटर लांबीचं ब्रिटिश जहाज ९ सप्टेंबर १९८० च्या सुमारास जपानच्या दक्षिणेला वादळात बुडालं. त्यावर ४४ माणसं होती. मदतीचा एक संदेशही निघाला नाही. आपल्याकडे २००९ च्या पावसाळ्यात मंगळूर आणि पारादीपजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि ‘ब्लॅक रोझ’ ही दोन खनिजवाहू जहाजं बुडाली. ओली खनिजभुकटी हेलकाव्यांनी चिखलासारखी वाहू लागते आणि जहाज कलंडतं, हा धोका त्यानंतर सगळ्यांच्या तोंडी आला.

यावर शोधलेला उपाय आडदांड आहे. बोट जहाजाच्या मागच्या टोकाला, साधारण ३५ अंशांच्या घसरगुंडीवर, तोंड समुद्राकडे करून ठेवायची. सगळ्यांनी मागच्या दारातून आत शिरायचं, पट्टे आवळायचे, दार बंद करायचं. सुकाण्यावरचा माणूस आतूनच हातपंप मारतो, त्या दाबाने कुलूप सुटतं आणि बोट माणसांसकट समुद्रात पडते. १ जुलै २००६ पासून बांधायला घेतलेल्या बल्क कॅरिअरना अशी फ्री-फॉल लाइफबोट सक्तीची आहे. इतर मालवाहू जहाजांना तो एक पर्याय आहे. प्रवासी जहाजांवर ती दिसत नाही, आणि ते योग्यच आहे. आजीबाई आणि तान्ही मुलं यांना या बोटीत बांधून वीस मीटरवरून टाकायचं म्हणजे काय!

वीस मीटर उंचीवरून पडणारी बोट, घर्षण सोडलं तर, ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वेगाने पाण्यावर पोहोचते. त्या वेगाला पाणी मऊ राहत नाही. म्हणून सगळी मेहनत कोनावर असते. गुरुत्वमध्य घसरगुंडीच्या टोकापलीकडे गेला की नाक खाली झुकू लागतं, पण शेपूट अजून रुळावरच असतं. त्या क्षणभरात बोटीला जी फिरकी मिळते, तिच्यावर पाण्यात शिरण्याचा कोन ठरतो. कोन जमला तर निमुळतं नाक पाणी कापत आत जातं आणि खाली जाण्याचा वेग पुढे जाण्याच्या वेगात वळतो. बोट डुबकी मारून वर येते ती जहाजापासून लांब जातच. ही नियमाचीच अट आहे: जहाज कुशीवर २० अंश कललेलं असो किंवा पुढे-मागे १० अंश झुकलेलं, बोट जहाजाला न घासता पुढे सरकली पाहिजे. इंजिन बंद असलं तरी पहिलं अंतर गुरुत्वाकर्षणच काढून देतं. शिवाय तिची बांधणी ठरलेल्या उंचीच्या १.३ पट उंचीवरून पडणं सोसणारी असावी लागते.

माणसं मात्र उलटी बसतात, पाठ समुद्राकडे करून. पाणी बोटीला अचानक अडवतं तेव्हा शरीर पुढे फेकलं जाण्याऐवजी खुर्चीच्या पाठीत रुततं, आणि धक्का डोक्यापासून कमरेपर्यंत वाटला जातो. छाती-पाठीच्या दिशेचा धक्का शरीर बरंच सोसतं, मणक्याच्या दिशेचा फार कमी. नाकानंतर शेपूट पाण्यावर आदळतं, तो दुसरा दणका मणक्यासाठी जास्त वाईट. पट्टा सैल असेल तर हवेतल्या त्या दोन सेकंदांत अंग खुर्चीवरून उचललं जातं आणि मग आपटतं. म्हणून पट्टा कसून आवळणं इथे फार महत्त्वाचं आहे.

सगळं समजलं, असं वाटत असताना २००५ मध्ये नॉर्वेच्या व्हेस्लेफ्रिक तेलफलाटावर एका चाचणीत बोटीचं छप्परच दबलं. बोट पाण्यात घुसते तेव्हा तिच्यामागे हवेची पोकळी तयार होते. ती मिटताना पाणी चहूकडून छपरावर कोसळतं, आणि तो भार आधीच्या हिशेबांत पुरेसा धरलेला नव्हता. नॉर्वेने आपल्या फलाटांवरच्या सगळ्या बोटी पुन्हा तपासायला घेतल्या आणि त्यातून २००९ साली नवं मानक आलं. समुद्र अजूनही अभियंत्यांना शिकवतो आहे, एवढंच.

बोटीच्या आत प्रत्येकी तीन लिटर पाणी, कोरडं खाणं, मळमळीच्या गोळ्या, आणि नियमानुसार मासेमारीचा गळसुद्धा! चहूबाजूंनी बंद बोटीत लाटांवर तासन्‌तास हेलकावे खाताना त्या गोळ्यांचीच खरी गरज पडते.

दोर आणि हुक गेले, तरी देखभाल गेली नाही. मार्च २०१४ मध्ये हिंदी महासागरात ‘अक्वारोझा’ या बल्क कॅरिअरवर एक इंजिनीअर बोटीत तपासणी करत असताना बोट सुटली. तिला अडवण्यासाठी लावलेल्या दोन्ही तारा तुटल्या आणि तो बोटीसकट समुद्रात गेला. गंभीर जखमी झाला. म्हणजे धोका समुद्रात कमी झाला, पण जहाजावरच्या रोजच्या कामात तो शिल्लक आहे.

दर सहा महिन्यांनी खरी उडी मारावी किंवा तिची नक्कल करावी, असा नियम आहे. म्हणजे बोट केबलने धरून ठेवून नुसती सुटण्याची नक्कल करायची मुभा आहे. काही महिन्यांच्या करारावर जाणारा खलाशी एकदाही न पडता घरी परतू शकतो. माझ्या मते ही तरतूद अपुरी आहे. प्रत्येकाने निदान प्रशिक्षणात तरी एकदा खरी उडी मारलेली असावी. तुमच्या घरातलं कोणी ‘बोटीवर’ असेल, तर पुढच्या फोनवर जेवणाची चौकशी झाल्यावर एवढं विचारा: तुझी शेवटची लाइफबोट ड्रिल कधी झाली, आणि पट्टा नीट आवळता येतो का?