अंगणातील शहाबादी फरशी : वाळूची पारख व मालाचे प्रमाण

प्रस्तावना

महाराष्ट्रातील घरांच्या व शैक्षणिक संस्थांच्या अंगणांत शहाबादी फरशीचा वापर दीर्घकाळ होत आला आहे. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद परिसरात मिळणारा हा थरांचा चुनखडक टिकाऊ आहे. तरीही अनेक ठिकाणी एकदोन पावसाळ्यांतच फरशी पोकळ वाजू लागते, सांधे उकलतात व पाणी साचते. अशा वेळी ‘सिमेंट कमी पडले’ असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः दोष बहुधा वाळूत व तिच्या मापात असतो. प्रस्तुत लेखात या दोन घटकांचा विचार केला आहे.

वाळूची निवड

मालात सिमेंट वाळूच्या कणांना परस्परांशी जोडते. कणांवर मातीचे आवरण असल्यास ही जोडणी होत नाही. वाळू अतिबारीक असल्यास पाणी अधिक लागते आणि सुकताना माल आकसून भेगाळतो. म्हणून थरासाठी ४.७५ मि.मी. चाळणीतून चाळलेली, लहानमोठ्या कणांची मिश्र वाळू घ्यावी. खाडीची खारी वाळू टाळावी, कारण तिच्यातील क्षारांमुळे फरशीवर पांढरा लोणा येतो.

नदीतील वाळूची परीक्षा सोपी आहे. काचेच्या उभट भांड्यात वाळू व किंचित मीठ घातलेले पाणी घेऊन ते जोराने हलवावे आणि ३ तास स्थिर ठेवावे. वर साचलेला गाळाचा थर आकारमानाने ८ टक्क्यांहून अधिक असल्यास ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नये.

नदीपात्रातील अमर्याद उपशामुळे आज दगड दळून तयार केलेल्या वाळूकडे वळणे आवश्यक झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ५ हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रांतील गौण खनिजांच्या उत्खननासही पर्यावरणविषयक मंजुरी बंधनकारक केली. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार ७५ मायक्रॉनहून बारीक अंश नैसर्गिक वाळूत वजनाने ३ टक्के, तर दळलेल्या वाळूत १५ टक्क्यांपर्यंत चालतो. कारण तेथे तो मुख्यतः दगडाची भुकटी असतो, माती नव्हे. मात्र खाणीवरची न चाळलेली कच म्हणजे अशी वाळू नव्हे.

वाळूचे फुगणे व प्रमाण

ओलसर वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो व कण दूर सरतात. यालाच वाळू फुगणे म्हणतात. भांड्यात २०० मि.मी. उंचीपर्यंत ओलसर वाळू भरून ती पाण्यात पूर्ण बुडवल्यावर १६० मि.मी. पर्यंत खाली बसली, तर फुगवटा २५ टक्के होय. अशा वाळूची ४ घमेली मोजल्यास प्रत्यक्षात ३.२ घमेलीच वाळू पडते. म्हणजे १:४ चे प्रमाण राखण्यासाठी ५ घमेली घ्यावी लागतात. हे न जाणल्यास सिमेंट अकारण वाढते. खर्च वाढतो आणि आकसण्याच्या भेगाही वाढतात.

माल कालवणे व फरशी बसवणे

सिमेंट व वाळू प्रथम कोरडीच एकरंगी होईपर्यंत कालवावी, नंतर बेताने पाणी घालावे. मुठीत दाबल्यास गोळा व्हावा, परंतु पाणी सुटू नये, इतपत माल घट्ट असावा. अर्ध्या तासात संपेल एवढाच माल करावा. आळू लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालू नये.

ठोकून घट्ट केलेल्या मुरुमावर काँक्रीटचा थर व त्यावर सरासरी २० मि.मी. जाडीचा माल पसरावा. शहाबादीची पाठ अनेकदा गुळगुळीत असते. म्हणून फरशी धुऊन, ओलावून व पाठीला सिमेंटची स्लरी लावूनच बसवावी. केवळ चार कोपऱ्यांवर मालाचे गोळे ठेवल्यास मध्ये पोकळी राहते. अंगणास १:६० चा ढाळ द्यावा. ३ मीटर लांबीस तो ५० मि.मी. होतो. त्यानंतर किमान ७ दिवस पाणी मारावे.

समारोप

सारांश, अंगणाचे आयुष्य सिमेंटच्या गोण्यांवर अवलंबून नसून स्वच्छ वाळू, अचूक माप व बेताचे पाणी यांवर अवलंबून आहे. या दोन्ही परीक्षांसाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक काचेचे भांडे, एक मोजपट्टी व ३ तासांचा संयम पुरेसा आहे. महाविद्यालयाच्या आवारात बांधकाम चालू असताना प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून या परीक्षा करवून घेतल्यास संस्थेचा पैसा वाचेल आणि नदीतील वाळूही अकारण खर्ची पडणार नाही.